तिबेटमधील मानवी हक्क आणि आंतरराष्ट्रीय समुदाय

तिबेटमधील मानवी हक्कांचा प्रश्न सात दशकांहून अधिक काळ जगासमोर आहे. ह्या काळात ठराव संमत झाले, अहवाल निघाले, कायदेही झाले. परंतु चीनला जाब विचारू शकेल अशी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने पूर्व तिबेटमधील चामदो जिंकले. पुढच्याच महिन्यात तिबेट सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. एल साल्वाडोर ह्या छोट्याशा देशाने हा विषय मांडला. परंतु वाटाघाटींतून तोडगा निघेल, अशी आशा भारताच्या प्रतिनिधीने व्यक्त केली आणि चर्चा तहकूब झाली. मे १९५१ मध्ये सतरा कलमी करार झाला. तिबेटी जनतेचा धर्म, चालीरीती व मठ ह्यांचा आदर राखण्याचे वचन त्यात होते. मार्च १९५९ मध्ये ल्हासात झालेला उठाव चिरडण्यात आला. दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार तिबेटी निर्वासित आले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात असंख्य मठ उद्ध्वस्त करण्यात आले.

आमसभेचे तीन ठराव

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी आयर्लंड व मलाया ह्यांनी मांडलेला ठराव आमसभेने ४५ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. २६ देश तटस्थ राहिले. तिबेटी जनतेच्या मूलभूत हक्कांचा आदर व्हावा, असे आवाहन त्यात होते. चीनचा नामोल्लेख मात्र नव्हता. १९६१ च्या ठरावात स्वयंनिर्णयाच्या हक्काचाही उल्लेख आला. तिसरा ठराव १९६५ साली झाला. पहिल्या दोन्ही वेळी तटस्थ राहिलेल्या भारताने ह्या वेळी अनुकूल मत दिले. १९७१ साली बीजिंग सरकारला राष्ट्रसंघात स्थान व सुरक्षा परिषदेत नकाराधिकार मिळाला. त्यानंतर आमसभेने तिबेटविषयी एकही ठराव केलेला नाही.

अन्य देशांची भूमिका

१९८९ साली दलाई लामा ह्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. २००८ च्या निदर्शनांनंतर अनेक देशांनी चिंता व्यक्त केली. तरीही त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिक निर्विघ्न पार पडले. अमेरिकेने २००२, २०१८, २०२० व २०२४ साली तिबेटविषयक कायदे केले. पण तिबेट हा चीनचा भाग नाही, असे कोणत्याही मोठ्या राष्ट्राने म्हटलेले नाही. भारतानेही २००३ साली तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूप्रदेशाचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र निर्वासितांना सर्वाधिक आधार भारतानेच दिला. कर्नाटकातील बैलकुप्पे आणि आपल्या विदर्भातील नोर्ग्येलिंग ह्या वसाहती त्याची साक्ष देतात.

आजची स्थिती

फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या विशेष तज्ज्ञांनी सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांमुळे कुटुंबापासून व मातृभाषेपासून दुरावत असल्याचे नमूद केले. चीनने हा आरोप फेटाळला; तिबेटचा विकासच झाला आहे, असे त्याचे म्हणणे आहे. लामांच्या पुनर्जन्मास शासनाची मान्यता हवी, असा नियम चीनने २००७ साली केला. आपला उत्तराधिकारी निवडण्याचा अधिकार आपल्या न्यासाचाच असल्याचे दलाई लामा ह्यांनी जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. १४ मे १९९५ रोजी दलाई लामा ह्यांनी गेधुन चोक्यी न्यीमा ह्या सहा वर्षांच्या मुलाला अकरावे पांचेन लामा म्हणून घोषित केले. तीनच दिवसांनी तो व त्याचे आईवडील चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेले. राष्ट्रसंघाच्या बालहक्क समितीने त्याच्याविषयी वारंवार विचारणा केली. तो पदवीधर असून नोकरी करतो, असे चीनने २०२० साली सांगितले. तो मुलगा आता पस्तिशी ओलांडलेला पुरुष आहे. परंतु त्याला प्रत्यक्ष भेटण्याची परवानगी आजवर कोणत्याही स्वतंत्र निरीक्षकाला मिळालेली नाही.