प्रतिमा वाचणारी लायब्ररी आणि बाइट पुरवणारे फंक्शन

संगणकावर प्रतिमा उघडण्यात दोन कामे असतात. पहिले, फाइलमधील बाइट मिळवणे. दुसरे, त्यांचा अर्थ लावून पडद्यावर रंगबिंदू उभे करणे. दुसरे काम किचकट असल्याने प्रोग्रामर ते सहसा तयार सॉफ्टवेअर लायब्ररीवर सोपवतात. पीएनजी प्रतिमांसाठी ‘लिबपीएनजी’, जेपेगसाठी ‘लिबजेपेग’ आणि टिफसाठी ‘लिबटिफ’ या त्यांतील सर्वपरिचित. पहिले काम मात्र या तिन्हींनी मोकळे ठेवले आहे. बाइट कोठून व कसे आणायचे, हे ठरवणारे फंक्शन प्रोग्रामरला स्वतः लिहून देता येते.

या सोयीचे मोल बीदर-कलबुर्गीच्या जुन्या कागदांवरून लक्षात येते. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. दरबारी व्यवहार उर्दूत, खासगी लिखापढी अनेकदा मोडीतल्या मराठीत. पोर्तुगीज आणि मोडी ही दोन्ही दप्तरे पाहिलेल्या गोमंतकीयाला ही सरमिसळ नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. नातीगोती दोन्हीकडे राहिली, कागदही दोन्हीकडे विखुरले.

समजा, भालकीच्या एखाद्या घरातील जुन्या खरेदीखताची प्रतिमा उदगीरच्या नातलगाला पाठवायची आहे. ती झिप गठ्ठ्यात असेल, डेटाबेसमध्ये असेल किंवा नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यांनी येत असेल. डिस्कवरील नाव असलेली फाइलच हवी, असा हट्ट लायब्ररीने धरला तर प्रत्येक वेळी तात्पुरती प्रत करावी लागेल. स्वतःचे फंक्शन दिले की तो फेरा टळतो.

लिबपीएनजीचा करार सर्वांत सरळ आहे. लायब्ररी रिकामी जागा आणि हव्या असलेल्या बाइटांची संख्या देते. फंक्शनने तितकेच बाइट भरून द्यायचे. कमी पडले तर त्रुटी कळवायची, अर्धवट भरून परतायचे नाही. पीएनजीचे पहिले आठ बाइट ही त्याची ओळखखूण असते. फाइलचा प्रकार तपासण्यासाठी प्रोग्रामने ते आधीच वाचले असतील, तर तसे लायब्ररीला सांगावे लागते. नवख्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

लिबजेपेग एका फंक्शनऐवजी पाच फंक्शनांचा संच मागते. येथे अधिक सावध राहायला हवे, कारण तिच्या सोबत येणारा नेहमीचा पुरवठादार फाइल मध्येच संपली तर केवळ इशारा नोंदवतो आणि समाप्तीची खोटी खूण स्वतःच घालतो. प्रतिमा उघडते, पण साध्या जेपेगमध्ये खालचा भाग करडा राहतो. टप्प्याटप्प्याने स्पष्ट होणाऱ्या जेपेगमध्ये सारे चित्र धूसर राहू शकते. लग्नाच्या छायाचित्रात हे चालून जाईल. खरेदीखतात साक्षीदारांच्या सह्या बहुधा तळाशीच असतात. दुसऱ्या प्रकारात तर फसगत अधिक, कारण पान पूर्ण दिसते आणि अक्षर मात्र लागत नाही. दोष मोडीला दिला जातो. म्हणून दस्तऐवजांसाठी लिहिलेल्या फंक्शनाने तुटलेल्या फाइलला त्रुटीच मानावे, असे आमचे मत आहे. लायब्ररी तशी मुभा देते.

लिबजेपेगच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे २०१० साली, मेमरीतून थेट वाचण्याची सोय अंगभूत झाली. त्याआधी ती प्रत्येकाला हाताने लिहावी लागे.

अभिलेखागारांत रूढ असलेल्या टिफचा प्रकार निराळा. त्याचे पहिले आठ बाइट पुढची अनुक्रमणिका कोठे आहे ते सांगतात, आणि ती फाइलच्या अगदी शेवटीही असू शकते. त्यामुळे लिबटिफला वाचण्याबरोबर मागेपुढे उडी मारणारे आणि आकार सांगणारे फंक्शनही लागते, एकूण सात. ओघाने येणाऱ्या नेटवर्कवर अशी उडी मारता येत नाही, म्हणून टिफ आधी पूर्ण उतरवून मगच उघडणे सोयीचे ठरते.