वाचेवाचून वकिली : लॉरां क्लेर आणि बधिर समाजाचे प्रतिनिधित्व

मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांत ‘वकील’ हा शब्द न्यायालयात बाजू मांडणाऱ्या इसमाविषयी येत नाही. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला जो प्रतिनिधी, तो वकील होय. दिल्लीच्या दरबारी पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. अशा वकिलाची प्रतिष्ठा दोन गोष्टींवर अवलंबून असे : त्यास पाठविणारी सत्ता आणि त्याची वाणी. ज्या समाजाला दरबार नाही आणि ज्याच्या प्रतिनिधीला ऐकू येईल अशी वाणीही नाही, त्या समाजाची वकिली कोणी व कशी करावी, हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये प्रथम स्पष्टपणे उभा राहिला. त्याचे एक उत्तर लॉरां क्लेर या तरुण बधिर शिक्षकाच्या १८१५ ते १८१८ या चार वर्षांतील कार्यात सापडते. क्लेरचे नाव बहुधा अमेरिकेतील बधिरशिक्षणाच्या इतिहासात, आणि तेही टॉमस गॅलोडेट याचा सहायक म्हणून, घेतले जाते. परंतु प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने पाहता त्याच्या कार्याचे महत्त्व स्वतंत्र आहे.

१

क्लेरच्या पूर्वी दोन तरुण बधिरांनी आपल्या समाजाच्या वतीने लेखणी उचलली होती. त्यांपैकी पहिला पिएर देलोज. पॅरिसमध्ये पुस्तकबांधणीचे काम करणाऱ्या या कारागिराने १७७९ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. आबे द लेपे याने सुमारे १७६० पासून पॅरिसमध्ये बधिर मुलांसाठी चालविलेल्या शाळेची कीर्ती तोपर्यंत पसरली होती, आणि खुणांच्या साहाय्याने शिक्षण देण्याच्या त्याच्या पद्धतीवर टीकाही होत होती. देलोज त्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्याने मांडलेला मुद्दा असा की, पॅरिसमधील बधिर मंडळी परस्परांशी खुणांनी सर्व व्यवहार करतात, आणि ही भाषा कोणा गुरूने त्यांना दिलेली नाही. बधिर व्यक्तीने लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. बधिरांना भाषा ‘द्यावयाची’ नसून ती त्यांच्यापाशी आहेच, ही प्रतिज्ञा त्यात आरंभीच केलेली आढळते.

दुसरा ज्यां मास्यू. बोर्दोजवळच्या एका दरिद्री कुटुंबात १७७२ मध्ये जन्मलेल्या मास्यूची भावंडेही बधिर होती. लेपेनंतर पॅरिसच्या संस्थेचा प्रमुख झालेला आबे सिकार १७९२ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांच्या कैदेत पडला, तेव्हा वीस वर्षांचा मास्यू विद्यार्थ्यांचे विनंतिपत्र घेऊन विधिमंडळापुढे उभा राहिला. पत्र त्याने लिहिले. वाचले मात्र दुसऱ्याने. या गुरूवाचून आपली स्थिती पशूंसारखी झाली असती, अशा आशयाचे शब्द त्या पत्रात होते. सिकार सप्टेंबरच्या हत्याकांडातून थोडक्यात वाचला.

या दोन लेखनांतील विरोध ध्यानी घेण्याजोगा आहे. देलोज आपल्या समाजाची संपन्नता सांगतो, तर मास्यूला गुरूचा जीव वाचविण्यासाठी त्याच समाजाची दीनता सांगावी लागते. ऐकणाऱ्यांपुढे उभे राहणाऱ्या प्रत्येक बधिर प्रतिनिधीपुढे हे दोन मार्ग राहिले, आणि क्लेरची वकिलीही या दोहोंच्या ओढाताणीतूनच घडली.

२

क्लेरचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी ल्यों शहराजवळच्या ला बाल्म या गावी झाला. तो एक वर्षाचा असताना खुर्चीवरून शेगडीच्या आगीत पडला, असे घरी सांगितले जाई, आणि त्याचे बधिरत्व या अपघाताकडे लावले जाई. उजव्या गालावर राहिलेला व्रण हीच पुढे खुणांच्या भाषेत त्याची नाममुद्रा झाली : दोन बोटे गालावरून खाली ओढली की ‘क्लेर’ हा अर्थ होतो. बाराव्या वर्षी, १७९७ मध्ये, तो पॅरिसच्या संस्थेत दाखल झाला. तेथे त्याचा प्रत्यक्ष शिक्षक मास्यू होता. बधिर गुरूने बधिर शिष्याला शिकवावे, ही परंपरा या जोडीत दृढ झाली.

याच काळातील एक प्रसंग त्याच्या पुढील भूमिकेवर प्रकाश टाकतो. संस्थेतील एका शिक्षकाने क्लेरला बोलण्यास शिकविण्याचा यत्न केला. काही अक्षरांचे उच्चार त्याला साधेनात, तेव्हा शिक्षकाने संतापाने त्याच्या हनुवटीखाली असा तडाखा मारला की त्याची जीभ दातांत सापडली. यापुढे बोलावयाचे नाही, असा निश्चय क्लेरने केला आणि तो अखेरपर्यंत पाळला. त्याने वाणी गमावली नव्हती; ती नाकारली होती.

एल्बा बेटावरून नेपोलियन परत आला त्या १८१५ च्या धामधुमीत सिकार आपल्या दोन बधिर सहकाऱ्यांसह लंडनला गेला. तेथे त्याने जाहीर प्रात्यक्षिके केली. श्रोते प्रश्न विचारीत, आणि मास्यू व क्लेर फळ्यावर फ्रेंचमध्ये उत्तरे लिहीत. प्रश्न अमूर्त विषयांचे असत. या प्रश्नोत्तरांचा संग्रह त्याच वर्षी लंडनमध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. प्रश्न ठरविण्याचा अधिकार श्रोत्यांकडे होता. उत्तरे देणाऱ्याची बुद्धी ही कुतूहलाची वस्तू होती. या प्रयोगांना प्रदर्शनाचे रूप होते, हे नाकारता येत नाही. तथापि ज्यांच्यापाशी विचार नाही असे समजले जात होते, त्यांचे विचार श्रोत्यांना प्रथमच भाषांतरासमोर ठेवून तपासता आले, हेही तितकेच खरे आहे.

३

त्याच सुमारास टॉमस गॅलोडेट हा कनेक्टिकट राज्यातील तरुण धर्मोपदेशक इंग्लंडात आला होता. हार्टफर्ड येथील शल्यवैद्य मेसन कॉग्जवेल याची कन्या अ‍ॅलिस लहानपणीच्या तापात बधिर झाली होती. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढण्याच्या हेतूने तेथील नागरिकांनी गॅलोडेटला युरोपात पाठविले होते. ब्रिटनमध्ये बधिरशिक्षणाची विद्या ब्रेडवुड घराण्याने आपल्या हाती राखली होती, आणि त्यांच्या अटी गॅलोडेटला मान्य होण्याजोग्या नव्हत्या. लंडनमध्ये त्याची गाठ सिकारशी पडली. पुढे १८१६ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने क्लेर व मास्यू यांच्याकडून धडे घेतले आणि अखेर क्लेरलाच आपल्याबरोबर येण्याची विनंती केली.

सिकारचे मन सहजी वळले नाही. क्लेरच्या आईनेही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. १३ जून १८१६ रोजी झालेला करार तीन वर्षांचा होता. क्लेर कॅथलिक होता आणि गॅलोडेट प्रॉटेस्टंट. म्हणून कॅथलिक श्रद्धेविरुद्ध जाणारे धर्मशिक्षण क्लेरने देऊ नये, अशी अटही त्यात होती. १८ जून रोजी ल हाव्रहून निघालेले जहाज बावन्न दिवसांनी, ९ ऑगस्टला, न्यूयॉर्कला पोचले. या प्रवासात क्लेरने गॅलोडेटला खुणा शिकविल्या आणि त्याच्याकडून इंग्रजी शिकून घेतले. इंग्रजीच्या सरावासाठी त्याने लिहिलेली प्रवासाची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात तिशीतील एक शिक्षक विद्यार्थ्याच्या नम्रतेने नवी भाषा गिरवताना दिसतो. आपली भाषा इतरांना द्यावयाची असेल तर त्यांची भाषाही लिहिता आली पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

पुढचे कित्येक महिने बॉस्टन, ऑल्बनी, फिलाडेल्फिया इत्यादी शहरांत सभा झाल्या. क्लेरने इंग्रजीत लिहिलेली भाषणे दुसरा कोणी मोठ्याने वाचून दाखवी, आणि नंतर क्लेर श्रोत्यांच्या प्रश्नांना लेखी उत्तरे देई. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ऑक्टोबर १८१६ मध्ये पाच हजार डॉलर मंजूर केले. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा सात विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. अ‍ॅलिस त्यांत होती. १८१८ च्या आरंभी क्लेर वॉशिंग्टनला गेला, तेव्हा प्रतिनिधिगृहात त्याला अध्यक्ष हेन्री क्ले याच्या शेजारी आसन देण्यात आले. राष्ट्राध्यक्ष मन्रो याचीही त्याने भेट घेतली. पुढच्या वर्षी काँग्रेसने शाळेच्या खर्चासाठी अलाबामातील सुमारे तेवीस हजार एकर जमीन दिली. कोणत्याही राज्यसत्तेचा परवाना खिशात नसलेल्या या वकिलाच्या पदरी एवढे यश पडले.

४

या यशाचे मर्म त्याच्या युक्तिवादाच्या स्वरूपात शोधले पाहिजे. मे १८१८ मध्ये हार्टफर्ड येथे राज्यपाल व विधिमंडळाचे सभासद यांच्यासमोर विद्यार्थ्यांची परीक्षा झाली. त्या प्रसंगी क्लेरने लिहिलेले भाषण गॅलोडेटने वाचले. अशिक्षित बधिराच्या मनातील अंधाराचे वर्णन त्यात आहे; तो मास्यूचा स्वर होय. परंतु भाषण तेथे थांबत नाही. काही माणसे बधिर का जन्मतात, या प्रश्नाला उत्तर देताना क्लेर सृष्टीतील विविधतेकडे बोट दाखवितो. जमीन, वनस्पती, प्राणी यांत जसे भेद आहेत तसे मनुष्यांतही आहेत, असे त्याचे म्हणणे आहे. बधिरत्व हा शाप किंवा दोष न ठरता भेद ठरतो. दयेची याचना करणाऱ्या चौकटीत राहूनच त्याने तिच्या बाहेरचा विचार श्रोत्यांपुढे ठेवला.

येथे एका शब्दाचा विचार अवश्य केला पाहिजे. फ्रेंचमध्ये त्या काळी बधिरासाठी ‘बधिर-मूक’ असा जोडशब्द रूढ होता. मराठीतही ‘मूकबधिर’ हा समास दीर्घकाळ वापरात राहिला आहे. दोन्हीत गृहीत एकच : ज्याला ऐकू येत नाही, त्याला बोलताही येत नाही. क्लेरचे चरित्र या गृहीताचे खंडन आहे. त्याच्यापाशी उच्चार नव्हता. भाषा दोन लिखित आणि एक खुणांची, अशा तीन होत्या.

भाषेच्या इतिहासात या वकिलीचा पुरावा आजही शिल्लक आहे. हार्टफर्डच्या शाळेत क्लेरने आणलेल्या फ्रेंच खुणा आणि विद्यार्थ्यांनी घरून आणलेल्या खुणा एकत्र आल्या. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बधिरत्वामुळे ऐकणारे लोकही खुणा जाणत. तेथील मुलेही या शाळेत आली. या मिश्रणातून अमेरिकन खुणांची भाषा घडली. जेम्स वुडवर्ड याने १९७८ मध्ये केलेल्या तुलनेत तिच्या शब्दसंग्रहाचा सुमारे ६० टक्के भाग फ्रेंच खुणांशी सजातीय आढळला. ब्रिटिश खुणांची भाषा मात्र तिच्याहून सर्वस्वी निराळी आहे. अमेरिका आणि ब्रिटन यांची बोली भाषा एक आणि खुणांच्या भाषा परस्परांना अगम्य, हे वरकरणी विचित्र वाटणारे वास्तव १८१६ च्या त्या जलप्रवासाचा विचार केल्यास उलगडते. खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असते, हे विल्यम स्टोकी याने १९६० मध्ये शास्त्रीय विश्लेषणाने दाखविले. देलोजने ते १७७९ मध्ये अनुभवाने सांगितले होते.

५

क्लेर तीन वर्षांसाठी गेला आणि १८५८ पर्यंत शिकवीत राहिला. वॉशिंग्टन येथील बधिरांच्या महाविद्यालयाच्या १८६४ मधील उद्घाटनास तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उपस्थित होता. १८ जुलै १८६९ रोजी त्याचे निधन झाले.

त्यानंतर अकराच वर्षांनी, सप्टेंबर १८८० मध्ये, मिलान येथे बधिरशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांतून खुणा वर्ज्य करून केवळ उच्चारपद्धती स्वीकारावी, असा ठराव तेथे मोठ्या बहुमताने संमत झाला. परिषदेस जमलेल्या १६४ प्रतिनिधींत बधिर एकच होता. या ठरावानंतर युरोपातील अनेक शाळांतून बधिर शिक्षकांना निरोप मिळाला, आणि मास्यू-क्लेर परंपरा जवळजवळ खंडित झाली. व्हँकूव्हर येथे २०१० मध्ये भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने मिलानचे ठराव अमान्य केले. म्हणजे प्रमाद मान्य होण्यास एकशे तीस वर्षे लागली. दरम्यान, क्लेरने ज्याचे उद्घाटन पाहिले ते महाविद्यालय गॅलोडेट विद्यापीठ झाले होते. मार्च १९८८ मध्ये तेथे ऐकू येणाऱ्या व्यक्तीची अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन हे त्या विद्यापीठाचे पहिले बधिर अध्यक्ष झाले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या असता क्लेरच्या कार्याचे मोल ठरविता येते. त्याचे शब्द दुसऱ्याच्या मुखाने वाचले जात होते, आणि त्याला दयेच्या भाषेचाही आश्रय घ्यावा लागला. ही मर्यादा मोठी होती. परंतु ते शब्द त्याचे होते आणि प्रश्नाला उत्तर देण्यास तो समोर हजर होता. मिलानमध्ये बधिरांविषयी कळकळ असणाऱ्यांची वाण नव्हती. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांनाच तेवढे बोलावलेले नव्हते. एखाद्या समाजाचे हित त्याच्या हितचिंतकांच्या हाती कितपत सुरक्षित असते, याविषयीचा हा पुरावा बधिरशिक्षणाच्या इतिहासाबाहेरही विचारात घेण्यासारखा आहे.