मनी प्लांट : वेल चिवट, पण पाणी आठवड्याला बदलावे

कोल्हापूर : मंगळवार पेठेतील जुन्या वाड्याचा सोपा असो वा ताराबाई पार्कातील सदनिकेची बैठकीची खोली, खिडकीच्या कट्ट्यावर बाटलीत खोवलेली मनी प्लांटची वेल शहरातील अनेक घरांत दिसते. तिला कडक ऊन लागत नाही, माती नसली तरी चालते आणि महिनाभर कोणी लक्ष दिले नाही तरी ती तग धरते. हाच चिवटपणा तिच्या मुळावर येतो. कुंडीतील वेल बहुधा पाण्याच्या अतिरेकाने मरते, तर बाटलीतील वेलीचे पाणी बदलायचे राहून जाते आणि त्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढतात. पाणी किती आणि केव्हा द्यावे, एवढे कळले की या वेलीची निम्मी निगा झाली.

वेलीची ओळख

मनी प्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. वेल मूळची दक्षिण प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियातील मूरिया बेटाची. 1880 मध्ये तिचे वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने झाले. आजचे नाव 1964 मध्ये रूढ झाले. अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल आहे.

या वेलीला घरात फूल येत नाही. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संजीवक तिच्यात जनुकीय दोषामुळे पुरेसे तयार होत नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. द्राक्ष बागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात, तेच हे संजीवक. फूल नाही म्हणून बी नाही. त्यामुळे घरोघरची वेल ही दुसऱ्या कुठल्या तरी वेलीच्या तुकड्यापासूनच वाढलेली असते.

लागवड कशी करावी

उसाच्या बेण्यात डोळ्याला जे महत्त्व, तेच मनी प्लांटच्या तुकड्यात पेराला. पान जिथून फुटते त्या पेराशी तपकिरी रंगाचे छोटे उंचवटे दिसतात. तीच हवाई मुळे. दोन-तीन पेरे असलेला साधारण 10 ते 15 सेंटिमीटर लांबीचा तुकडा स्वच्छ कात्रीने पेराच्या खाली कापावा. खालचे पान काढून ते पेर पाण्यात बुडेल असे ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. नुसते पान देठासह पाण्यात ठेवल्यास ते बरेच दिवस हिरवे राहील, क्वचित मुळेही धरील. परंतु पेर नसल्याने त्यापासून वेल वाढत नाही.

बाटलीतील वेल

बाटलीसाठी शक्यतो गडद रंगाची काच निवडावी. पारदर्शक बाटलीत उजेड शिरतो आणि शेवाळ धरते. पाणी मुळे बुडतील इतकेच ठेवावे. पाने पाण्यात बुडाली तर कुजतात. पाण्यात पोषणद्रव्ये नगण्य असल्याने वाढ मंद असते. महिन्यातून एकदा पाण्यात विरघळणारे खत, वेष्टनावरील मात्रेच्या पाव प्रमाणात दिले तरी पुरते.

पाणी मात्र आठवड्यातून एकदा न चुकता बदलावे. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू कमी होत जातो आणि मुळे काळी पडू लागतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घरातल्या माणसांच्या आरोग्याशी निगडित आहे.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ, साचलेले पाणी पसंत करतो आणि प्रामुख्याने दिवसा चावतो. मादी आपली अंडी भांड्याच्या आतील ओलसर कडेला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवते. अंड्यापासून डास तयार होण्यास अनुकूल हवामानात साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन आरोग्य यंत्रणा करते, ते याच हिशेबाने. पाण्याचे बॅरल, कुलर, फ्रिजमागचा ट्रे आणि जुने टायर यांच्याबरोबरच मनी प्लांटची बाटली हीदेखील डासोत्पत्तीची नेहमीची जागा आहे.

मात्र केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरड्या अवस्थेत काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यातून अळ्या बाहेर पडतात. म्हणून बाटली आतून ब्रशने घासावी, वेलीची मुळे नळाखाली धुवावीत आणि जुने पाणी गटारात न ओतता कोरड्या जमिनीवर ओतावे. तेथे अळ्या जगत नाहीत. बाटलीचे तोंड वेलीभोवती कापसाने बंद केल्यास डासांना आत जाण्यास वाट उरत नाही. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम लागू आहे.

कुंडीतील वेल

कोल्हापूर परिसरातील काळी माती पाणी धरून ठेवते व वाळल्यावर भेगाळते. ती एकटी कुंडीत भरू नये. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू अथवा विटांचा चुरा असे मिश्रण करावे. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच.

पाणी देण्यासाठी वार ठरवू नये. बोटाचे पहिले पेर मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तर पाणी द्यावे, ओली लागली तर थांबावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्याने पाणी लागते. जून ते सप्टेंबर या काळात शहरातील हवा इतकी दमट असते की, घरातील कुंडीला दहा-बारा दिवस पाणी दिले नाही तरी चालते. नेमक्या याच दिवसांत सवयीने रोज तांब्याभर पाणी ओतले जाते आणि मुळे कुजतात.

वेलीला खिडकीजवळचा भरपूर, पण थेट नसलेला उजेड मानवतो. अंधाऱ्या जागी ती जगते, मात्र पानांवरील पिवळे पट्टे फिके होतात आणि दोन पानांतील अंतर वाढते. दुपारच्या थेट उन्हात पाने करपतात. वेल खाली सोडली तर पाने लहान राहतात. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवली तर ती मोठी होतात.

लक्षणे ओळखावीत

खालची अनेक पाने एकदम पिवळी पडली आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त झाले आहे. अशी वेल कुंडीतून काढून काळी, मऊ मुळे कापावीत व कोरड्या, नव्या मिश्रणात लावावी. खोडही मऊ झाले असल्यास वरचा निरोगी तुकडा पुन्हा पाण्यात रुजवावा. पाने मलूल होऊन माती कोरडी असेल, तर पाणी कमी पडले आहे. अशी वेल पाणी मिळताच काही तासांत टवटवीत होते. पेरांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. ओल्या फडक्याने ते पुसून सौम्य साबणाच्या पाण्याची फवारणी करावी.

मुलांपासून दूर

अळूचे फदफदे करताना चिंच घालावी लागते, कारण कच्च्या अळूने घसा खाजतो. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. मनी प्लांटच्या पानांत व खोडातही हेच स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, ओठ व जीभ सुजते, लाळ गळते. त्यामुळे रांगती मुले, कुत्री व मांजरे यांच्या आवाक्याबाहेर वेल ठेवावी. मुलाने पान चावल्यास तोंड पाण्याने धुवावे, उलटी करवू नये. सूज वाढल्यास किंवा श्वासाला त्रास झाल्यास तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

समज आणि वस्तुस्थिती

वेल चोरून आणली तरच वाढते, असा समज आहे. विकत आणलेला असो वा मागून आणलेला, पेर असलेला कोणताही निरोगी तुकडा सारखाच रुजतो. वेल खोलीतील हवा शुद्ध करते, हा दावा 1989 च्या ‘नासा’च्या अभ्यासाच्या आधारे केला जातो. ते प्रयोग हवाबंद पेट्यांतील होते. खिडक्या उघडल्याने हवा जितकी बदलते, तितका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दाखवण्यात आले.

छाटलेले तुकडे मात्र ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नयेत. श्रीलंका व हवाई बेटांसह अनेक ठिकाणी ही वेल जंगलात पसरून स्थानिक झाडांवर चढली आहे. राधानगरीची जंगले शहरापासून दूर नाहीत. छाटणी घरच्या खतकुंडीत जिरवावी, अथवा शेजाऱ्यांना द्यावी. देताना पाणी आठवड्याला बदलण्याचा नेमही सोबत सांगावा.