‘चेक इंजिन’चा दिवा लागला म्हणून सेन्सर बदलताय? आधी हवा कुठून शिरतेय ते पाहा

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, पिकअप घेताना झटके देते, मायलेज घसरतं आणि एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘पी०१७१’ असा कोड येतो आणि पाच मिनिटांत निकाल लागतो: ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल. काही हजार रुपये जातात. आठवडाभराने दिवा पुन्हा हजर.

याचं कारण सोपं आहे. त्या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाहीच. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘लीन’ झालंय. पेट्रोल जास्त झालं तर ‘रिच’, त्याचा कोड पी०१७२. बिचारा सेन्सर बहुतेक वेळा नुसता निरोप्या असतो.

हा हिशोब असा आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे ई२० पेट्रोलला त्याहून थोडी कमी. कार्बोरेटरच्या काळात हे प्रमाण मेकॅनिक कानाने ऐकून, स्क्रू फिरवून जुळवायचा. आता ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आत आलेली हवा मोजतो, तेवढं पेट्रोल इंजेक्टरमधून सोडतो आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरला विचारतो, जमलं का? धुरात ऑक्सिजन उरला असेल तर पेट्रोल वाढवतो, नसेल तर कमी करतो.

या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. स्कॅनरवरचा हा सगळ्यात उपयोगी आकडा, आणि गॅरेजमध्ये सगळ्यात कमी पाहिला जाणाराही हाच. ढोबळमानाने तो उणे १० ते अधिक १० मध्ये असावा. अधिक २० दिसत असेल तर कॉम्प्युटर नेहमीपेक्षा २० टक्के जास्त पेट्रोल ओतून गाडी कशीबशी सांभाळतोय.

खरी गंमत पुढे आहे. हा आकडा दोनदा पाहायचा, एकदा आयडलवर आणि एकदा इंजिन २,५०० आरपीएमवर धरून. आयडलवर ट्रिम खूप वाढलेली आणि रेस दिल्यावर जवळपास नॉर्मल, असं असेल तर मोजमापाला चकवून हवा आत शिरतेय. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतं, आतला ओढा जोरदार असतो, म्हणून छोटी फटसुद्धा मोठा गोंधळ करते. रेस दिल्यावर इतकी हवा आत जाते की तेवढ्या फटीचा हिशोब लागत नाही. ट्रिम उलट वेगात किंवा चढावर वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर चोक झालाय, पंप थकलाय, किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने कमी मोजतोय.

हवा शिरते कुठून? उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने तडकलेले रबरी पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, सैल क्लॅम्प आणि आपल्याकडचा जुना पाहुणा, बॉनेटखाली मुक्काम ठोकणारा उंदीर. ब्रेक बूस्टरच्या पाइपाला गळती असेल तर ब्रेक पेडलही कडक होतं. तसं जाणवलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा. फट सापडत नसेल तर इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये यंत्राने धूर सोडतात. धूर जिथून बाहेर येतो, तिथे गळती. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून शोधण्याचा प्रकारही चालतो, पण त्यात आग लागू शकते.

भारतातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये हवा थेट मोजली जात नाही. ‘मॅप’ सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजून अंदाज बांधतो. अशा गाडीत फट पडली तर लीनचा कोड येईलच असं नाही. पुष्कळदा आयडलच वाढलेलं राहतं.

आणखी एक फसवणूक म्हणजे मिसफायर. प्लग किंवा कॉइल खराब झाली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही, पण न वापरलेला ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. त्याला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि कॉम्प्युटर आणखी ओततो! सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटला तरी बाहेरची हवा शिरून असाच चुकीचा निरोप जातो.

सीएनजी गाडीवाल्यांकडे एक फुकटची चाचणी आहे. हवेची वाट आणि प्लग दोन्ही इंधनांना तेच असतात. गाडी सीएनजीवर नीट चालते आणि पेट्रोलवरच अडखळते, तर संशय पेट्रोलच्या पंप-इंजेक्टरवर. दोन्हीवर अडखळते, तर हवा किंवा प्लग.

रिचची लक्षणं डोळ्यांना दिसतात. काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी. कारणं बहुधा ठिबकणारा इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह. एअर फिल्टरला मात्र विनाकारण बदनाम केलं जातं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चोक झालेल्या फिल्टरने मायलेजवर फारसा परिणाम झाला नाही, पिकअप मात्र कमी झाला.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की दिवा लगेच विझतो, पण त्याबरोबर शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. त्यामुळे गॅरेजच्या दारात दिसणाऱ्या शून्याला अर्थ नसतो. दोन-चार दिवस गाडी चालवून तोच आकडा पुन्हा आयडलवर आणि २,५०० वर पाहायला सांगा.