गेमिंग संगणक, घरी जोडलेला अल्पखर्ची (देवळाली कॅम्प)

संगणकावरचे खेळ खेळण्यासाठी सुटे भाग निवडून घरीच जोडलेला डेस्कटॉप. देवळाली कॅम्प ही नाशिक जिल्ह्यातील लष्करी छावणी असून स्कूल ऑफ आर्टिलरी येथे आहे. वस्ती काही नागरी, तर काही बदलीवर येणारी-जाणारी. सुटे भाग नाशिक शहरातून, मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग) किंवा ऑनलाइन घेता येतात. भाग निवडण्याचा रूढ सल्ला असा : बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवावे. कार्डाचा वाटा मोठा असावा हे खरे. पण निवडीची सुरुवात वीजपुरवठ्यापासून, म्हणजे एसएमपीएसपासून करावी, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे. बाकी कोणताही भाग कमी कुवतीचा निघाला तर खेळ संथ चालतो. एसएमपीएस निकृष्ट निघाला तर त्याच्यामागे जोडलेले सगळेच धोक्यात येते.

वीजपुरवठा : प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरून घेतात. त्यामुळे खोक्यावर ठळक छापलेल्या वॉटपेक्षा लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर महत्त्वाचे. ‘४५० वॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिलेले असतील, तर कामाची वीज २१६ वॉटच. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली सुमारे ७६ वॉट आणि आरएक्स ६६०० हे कार्ड सुमारे १३२ वॉट घेते. ही बेरीज २०८ होते. त्यात मदरबोर्ड, पंखे आणि एसएसडी धरले की मर्यादा संपते. खरोखर ४५० वॉट देणारा एसएमपीएस याच जोडणीला ऐसपैस पुरतो. ६५० किंवा ७५० वॉटसाठी पैसे घालण्याचे कारण नाही. ‘८० प्लस’ हे २००४ पासूनचे चिन्ह उपयोगी आहे, पण वीज किती वाया जाते एवढेच ते सांगते. व्होल्टेज किती स्थिर राहते, शॉर्टसर्किट झाल्यास संरक्षण आहे का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय त्याच्या साध्या पायरीची मूळ चाचणी ११५ व्होल्टवरची आहे, आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्टचा. म्हणून चिन्हाबरोबर उत्पादकाची हमी पाहावी : पाच वर्षे किंवा अधिक हमी देणारा उत्पादक आतल्या कपॅसिटरवर सहसा कंजुषी करत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की चांगल्या एसएमपीएसमुळे खेळाची एक फ्रेमही वाढत नाही, आणि तंग बजेटमध्ये त्यावर घातलेले दोन-तीन हजार कार्डातून कापले जातात. हे खरे आहे. मात्र हा भाग पुढच्या दोन जोडण्यांतही वापरता येतो. कार्डाचे तसे नसते. दुसरा आक्षेप, घरात यूपीएस किंवा इन्व्हर्टर असताना एसएमपीएसची एवढी चिंता कशाला? येथे मिलिसेकंदांचा हिशेब पाहावा लागतो. प्रचलित एटीएक्स आराखड्यानुसार वीज गेल्यावर एसएमपीएसने पूर्ण भाराखाली साधारण १२ मिलिसेकंद तग धरला पाहिजे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे हा तग एका पूर्ण आवर्तनाइतकाही नाही. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस सहसा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो, तेवढा काळ बरा एसएमपीएस निभावतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला याहून बराच वेळ लागतो आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर हवे. म्हणजे बॅकअपमुळे एसएमपीएसचे काम टळत नाही, ते मोजून घ्यावे लागते. लष्करी निवासस्थानांतील वीजव्यवस्था मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस पाहते, नागरी वस्तीला महावितरणची वीज मिळते. पण अर्थिंग दोन्हीकडे तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर निम्म्या व्होल्टेजइतका दाब येतो आणि हात लावताच झिणझिण्या येतात. महागडा भाग घेऊनही हा दोष जात नाही.

ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर : नावावरून कार्ड घेणे हा फसगतीचा सोपा मार्ग. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ स्मृतीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ आवृत्ती आली आणि स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून सुमारे १७ वर उतरला. आरएक्स ५८० मध्ये मूळ २,३०४ प्रक्रिया-घटक होते. चिनी बाजारासाठी २०१८ मध्ये निघालेल्या आवृत्तीत २,०४८ आहेत, नाव जवळजवळ तेच. तेव्हा बिलावर कार्डाची आवृत्ती आणि स्मृतीचा प्रकार लिहून घ्यावा. इथेरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवरच्या खाणकामाची पद्धत सोडल्यावर वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. ती घ्यावीत की नाही याबद्दल जाणकारांत एकमत नाही. एएमडी की इंटेल, या वादाचेही तसेच. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझनच्या पहिल्या मालिकेपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर चालतात (बायोस व मदरबोर्डनुसार), त्यामुळे जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर बसवण्याची सोय आहे.

रॅम : १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात; दोन्ही एकदम चालल्याने स्मृतीचा वेग वाढतो. वेगळे कार्ड नसलेल्या जोडणीत हा फरक विशेष जाणवतो, कारण अंतर्गत ग्राफिक्स तीच स्मृती वापरते.

कॅबिनेट : पुढून हवा घेणारे, धूळजाळी काढून धुता येईल असे.

खरेदी व हमी : बदलीचे गाव हा येथील निवडीतला दुर्लक्षित घटक आहे. दुकानदाराच्या शब्दावरची हमी त्या शहरापुरतीच चालते. कुटुंब दोन-तीन वर्षांत जोधपूर किंवा सिकंदराबादला गेले की ती निरुपयोगी. उत्पादकाची देशभर चालणारी हमी आणि सीरियल क्रमांक नोंदवलेले जीएसटी बिल यांसाठी थोडे जास्त मोजणे परवडते. तयार संगणक स्वस्त पडतो हा तिसरा आक्षेप काही वेळा खरा ठरतो, विशेषतः रॅमचे सुटे भाव चढलेले असताना. पण तयार संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड ठळक असते, एसएमपीएसची कंपनी बहुधा नसते. ती विचारावी, १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत, आणि उत्तर समाधानकारक असेल तर तयार संगणक घेण्यात कमीपणा नाही.