मिठातून आलेला गारवा

घरच्या व्हॅनिला आइस्क्रीमची कुळकथा दुधापासून नाही, मिठापासून सांगावी लागते. दूध, साखर आपल्याकडे होतीच. घोडं अडलं होतं गारव्यापाशी.

अकबराच्या घरी पाणी कसं थंड करत, ते अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय. शेरभर पाणी सुरईत भरून तोंड बंद करायचं, पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा नावाचा क्षार टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास हलवत राहायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. मला यातलं ते हलवत राहणं फार मोलाचं वाटतं. आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा फिरवणाऱ्या हाताचा पूर्वज तोच. पण याने पाणी गार होई, दूध गोठत नसे. त्याला बर्फच हवा.

मुंबईला तो अमेरिकेतून, बोस्टनहून जहाजाने आला. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली. १८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडचा पॉट त्याच घराण्यातला.

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. आमच्या लहानपणी अशा दुपारी भाड्याचा पॉट घरी यायचा. बाहेर लाकडी बादली, कारण लाकूड उष्णता लवकर आत सोडत नाही. मध्ये पत्र्याचा डबा, त्यात पंखा. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी फोडून डब्याभोवती बर्फाचा थर, त्यावर जाडं मीठ, पुन्हा बर्फ. मिठाने बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता दुधातून खेचतो. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. दांडा जड झाला की काका वर गोणपाटाची घडी घालून एका पोराला बसवत, म्हणजे पॉट हलायचा नाही. उघडताना काकू झाकण आधी कोरडं पुसायची. खारं पाणी आत गेलं की सगळी मेहनत मातीत.

व्हॅनिलाची गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी. मेक्सिकोबाहेर या वेलीला आपोआप शेंगा धरत नव्हत्या. १८४१ साली रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलाचं परागीकरण करून दाखवलं. जगभरची व्हॅनिलाची लागवड त्याच्या बोटांवर उभी राहिली आणि तो १८८० साली गरिबीतच गेला. त्याचं नाव बाटलीबाटलीवर हवं होतं. आपल्या ओट्यावरच्या इसेन्समध्ये बहुतेक वेळा शेंग नसतेच, व्हॅनिलिन असतं. ते १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केलं.

फ्रीज आला, पॉट गेला. फ्रीजरमधली थंड हवा दूध सावकाश गोठवते, त्याला कुणी ढवळत नाही, म्हणून बर्फाचे खडे मोठे होतात आणि आइस्क्रीम कचकचतं. जीएमएस आणि सीएमसी पावडर घरात शिरल्या त्या याच कारणाने: पहिली दूध आणि स्निग्धांश एकजीव ठेवते, दुसरी खडे वाढू देत नाही. तरीही मिश्रण अर्धवट गोठलं की बाहेर काढून, मिक्सरमधून चांगलं फुलेपर्यंत फिरवून पुन्हा आत ठेवावंच लागतं.