एक कोठार आणि अनेक दारें

जुन्नरचें नांव घेतलें कीं शिवनेरी डोळ्यांपुढें उभा राहतो. गडावर आजहि जुना अंबरखाना दाखवितात. धान्याचें कोठार एके ठिकाणीं असावें व त्यांतून साऱ्या गडाला शिधा मिळावा, ही त्यामागील योजना कोणाच्याहि ध्यानीं येईल. याच तालुक्यांत, नारायणगांवानजीक खोडद येथें, विसाव्या शतकाच्या अखेरीस निराळ्याच मालाची सांठवण सुरू झाली. तो माल म्हणजे आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींची नोंद.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून येथील महाकाय दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. त्यांपैकीं चौदा मध्यभागीं जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन फांट्यांवर दूर पसरलेल्या. सर्वांत लांबचें अंतर सुमारें २५ किलोमीटरांचें. यांतील एकट्या अँटेनेला फारसा बारकावा दिसत नाहीं. दोन दोन अँटेनांच्या लहरी परस्परांशीं ताडून पाहिल्या म्हणजेच चित्र उमटूं लागतें, आणि तिसांच्या अशा जोड्या ४३५ होतात! म्हणून प्रत्येकीचा संदेश प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतींत आणावा लागतो. प्रारंभीं ही जुळणी खास घडविलेल्या यंत्रांकडे होती. २०१० च्या सुमारास ती बाजारांत मिळणाऱ्या, एकमेकांशीं जोडलेल्या संगणकांच्या समूहाकडे आली.

माल एकत्र झाला, हें ठीक. पण तो मागावयास सहस्रावधि माणसें एकदम दारीं आलीं तर काय करावें? या प्रश्नाचा इतिहास जुन्नरापासून फार दूर, अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रांत पाहावा लागतो. १९९३ सालीं या केंद्रानें ‘मोझॅक’ हें महाजाल पाहण्याचें साधन लोकांच्या हातीं दिलें, आणि थोड्याच अवधींत त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी लोटली कीं एका सर्व्हरला ती आवरेना. अनेक सर्व्हर मांडावे हें उघडच होतें. परंतु प्रत्येकावर पानांची निराळी प्रत ठेविली, तर एकींत दुरुस्ती होणार व दुसरींत राहून जाणार. वाचक कोणत्या दारीं गेला यावर त्याला मिळणारें उत्तर ठरणार. ज्या तलाठ्यानें एकाच सातबाऱ्याच्या चार वह्या केल्या असतील, त्याला हें दुखणें समजावून सांगावयास नको.

१९९४ सालीं त्या केंद्राच्या मंडळींनीं जी तोड काढली ती फार शहाणपणाची होती. पानें एका सामाईक सांठ्यांत ठेविलीं आणि सर्व सर्व्हर त्याच सांठ्यांतून वाचूं लागले. पत्ता विचारणाऱ्यांना पाळीपाळीनें निरनिराळ्या सर्व्हरचा पत्ता देण्यांत येई. सांठ्याची पद्धत कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८० च्या दशकांत निघालेली, ‘अँड्रू’ नांवाची होती. तींत सर्व्हरनें एकदां वाचलेली फाइल स्वतःपाशीं ठेवावी, आणि मूळ फाइल बदलल्यास कोठारानें आपण होऊन त्याला कळवावें, असा करार असे. त्यामुळें दर मागणीस कोठाराकडे धांवावें लागत नसे, व शिळी प्रतहि वाचकाच्या हातीं जात नसे.

मात्र कोठारच बंद पडलें तर बाहेरचीं सारीं दारें उघडीं असून व्यर्थ! म्हणून जें केवळ वाचावयाचें, त्याच्या आणखी प्रती दुसऱ्या यंत्रांवर ठेवण्याची सोय त्या पद्धतींत होती.

खोडदच्या बाबतींत ही काळजी अधिकच खरी आहे. संकेतस्थळाचें हरवलेलें पान पुन्हां लिहितां येतें. एखाद्या रात्रीं टिपलेलें आकाश पुन्हां मिळत नाहीं. येथील निरीक्षणें ठराविक मुदतीनंतर सर्वांना खुलीं होतात. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळांत या दुर्बिणीनें १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली होती. त्याच नोंदी सांठ्यांतून घेऊन इंटेमा, जगन्नाथन, मूळे आणि फ्रेल या चार खगोलशास्त्रज्ञांनीं नव्या रीतीनें त्यांवर गणित केलें. २०१७ सालीं त्यांचें काम शोधपत्रिकेंत प्रसिद्ध झालें. त्यांत सुमारें नव्वद टक्के आकाश व सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोत आले. त्यासाठीं एकहि अँटेना पुन्हां वळवावी लागली नाहीं.